गेट, लिफ्ट आणि नऊ पायऱ्या

माणसाच्या आयुष्यात घर घेण्याचा योग साधारणपणे दोनदा येतो. पहिल्यांदा येतो तेव्हा जवळ पैसे नसतात आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा जवळ गुडघे नसतात. त्यातला पहिला योग माझ्या वडिलांनी १९७८ साली माझ्या वतीनं परस्पर उरकून टाकला. कोथरूडला पुणेकर 'गावाबाहेर' म्हणत असत त्या काळात बारा बिऱ्हाडांच्या एका सहकारी सोसायटीत त्यांनी तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. "इतक्या लांब रात्रीची भीती नाही वाटत?" असं नातेवाईक काळजीनं विचारायचे. आज त्याच जागेला जाहिरातीत 'शहराच्या मध्यवर्ती भागात' म्हणतात. म्हणजे आम्ही जागचे न हलता गावाबाहेरून गावात आलो. इतका स्वस्त प्रवास मी त्यानंतर केलेला नाही.

तिसरा मजला का, तर वारा छान येतो म्हणून. वारा अजूनही छान येतो. त्याचं बरं आहे, त्याला जिना चढावा लागत नाही. आम्हाला लागतो. एका मजल्याला अठरा अशा एकूण ५४ पायऱ्या आहेत. हा आकडा इतकी वर्षं त्या घरात राहणाऱ्या मला ठाऊक नव्हता. तो गेल्या दोन वर्षांत सौ.मुळे कळला. ती हल्ली पायऱ्या मोजत चढते. पूर्वी ती चढताना गाणं गुणगुणायची. माणूस गाण्यावरून आकड्यांवर आला की समजावं, गुडघे बोलायला लागले.

ही बातमी बंगळूरला चिरंजिवांच्या कानी गेली. (बायकोनं मुलाला फोनवर काहीही सांगितलेलं नसतं, तरी मुलाला सगळं कळतं, हा दूरसंचाराचा जुना नियम आहे.) तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं आता गेटेड कम्युनिटीत शिफ्ट व्हा."

"गेट आमच्या सोसायटीलाही आहे," मी म्हणालो.

हे खरं आहे. लोखंडी आहे, दोन पाखी आहे. फक्त ते बंद होत नाही. महापालिकेनं समोरचा रस्ता दर वेळी खरवडण्याऐवजी त्यावर नवा थर टाकला, त्यामुळे रस्ता वर आला आणि गेट जमिनीत रुतून कायमचं उघडं राहिलं. चोरांना त्याचं काही वाटत नाही. उघड्या गेटातून आत शिरण्यात त्यांनाही आव्हान वाटत नसावं.

पण चिरंजीव ऐकेनात. शेवटी एका रविवारी आम्ही दोघं शहराच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत उभ्या राहत असलेल्या एका 'लक्झरी' संकुलात गेलो. पाच एकर जागा, बावीस मजल्यांचे टॉवर, एकूण ६४० फ्लॅट. टॉवरांची नावं इटालियन होती. ती सांगता न आल्यामुळे पत्ता विचारणाऱ्याला आपण मराठी शाळेत शिकलो याची पहिली जाणीव गेटवरच होते.

आम्हाला घर दाखवायला एक टायवाला मुलगा आला. वय पंचविशीच्या आत, आणि बोलणं असं की याची आई धन्य वाटावी. त्यानं आम्हाला आधी सॅम्पल फ्लॅट दाखवला. सॅम्पल फ्लॅट हा संसाराचा शोकेसमधला नमुना असतो. तिथे शेगडी असते पण वर कढी उतू गेलेली नसते. कपाटात पुस्तकं असतात, पण काढून बघावं तर नुसते पुठ्ठे. पलंग तर इतका आखूड होता की मी मनातल्या मनात त्यावर आडवा झालो तेव्हा पाय हॉलमध्ये आले. देव्हाऱ्याची जागा कुठे, असं सौ.नं विचारलं तेव्हा त्यानं वॉशिंग मशीनच्या शेजारचा कोनाडा दाखवून "मल्टिपर्पज निश, मॅडम" असं सांगितलं. देवाला आजवर पुष्कळ नावं मिळाली असतील, पण त्याच्या जागेला हे नाव नवं होतं.

मग अमेनिटीज. काठ न दिसणारा तरणतलाव, योगा डेक, ॲम्फीथिएटर, पार्टी लॉन आणि ज्येष्ठांसाठी खास गोट्यांची पायवाट. या पायवाटेवरून अनवाणी चाललं की तळव्यांना दाब बसून प्रकृती सुधारते म्हणे. पावसाळ्यानंतर आमच्या गल्लीत हीच सोय महापालिका विनामूल्य करते, पण आम्ही तिला खड्डे म्हणतो. दृष्टिकोनाचा फरक.

तो मुलगा बोलत होता, मी मान हलवत होतो. एवढ्यात सौ.नं त्या संबंध सकाळीत तिचा एकुलता एक मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"रात्री दोन वाजता माणूस आजारी पडला, तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का?"

टायवाला मुलगा गप्प झाला. हा प्रश्न त्याच्या ट्रेनिंगमध्ये नसावा. तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "मावतं मॅडम. पण सर्व्हिस लिफ्टमध्ये."

सर्व्हिस लिफ्ट म्हणजे जिच्यातून मोलकरणी, गवंडी, सोफासेट आणि कचऱ्याचे डबे ये-जा करतात ती. पाहुण्यांच्या लिफ्टमध्ये आरसे आणि संगीत. थोडक्यात, माणूस आयुष्यभर आरशाच्या लिफ्टनं वर गेला तरी शेवटी सोफासेटच्याच वाटेनं खाली येणार. संतांनी हे वेगळ्या शब्दांत सांगितलंय, पण त्यांच्या वेळी लिफ्ट नव्हती.

तिथून निघताना आमच्या हातात एक जाडजूड गुळगुळीत ब्रोशर आणि एक कॉस्ट शीट आली. ब्रोशर सौ.नं घेतलं, कॉस्ट शीट मी. संसारात खात्यांची वाटणी अशीच असते, असा माझा समज होता. तो पुढे कसा मोडला ते सांगतोच.

कॉस्ट शीट हा वाङ्मयप्रकार अजून समीक्षकांच्या नजरेला पडलेला नाही. त्यात कथानकाचा आरंभ साधा असतो: फ्लॅटची किंमत २ कोटी ४० लाख. मग उपकथानकं सुरू होतात. पुण्यात मुद्रांक शुल्क, महापालिकेचा अधिभार आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, म्हणजे १६ लाख ८० हजारांऐवजी १४ लाख ४० हजार. हे वाचताच घर कुणाच्या नावावर होणार याचा निकाल चर्चेविना लागला. सरकारनं माझ्या हयातीत माझ्या घरातल्या स्थानाची केलेली ही पहिली अधिकृत किंमत: २ लाख ४० हजार, तीही वजा.

नोंदणी फी ३० हजार. आणि जीएसटी ५ टक्के, म्हणजे १२ लाख. यातली गंमत अशी की इमारत पुरी होऊन पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर फ्लॅट घेतला तर हा जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असताना घेतला तर लागतो. जे घर दिसतं त्यावर कर नाही. जे अजून दिसत नाही, त्यावर आहे. अद्वैत वेदान्ताला इतका सरकारी पाठिंबा दुसरीकडे कुठे मिळालेला नसेल.

बेरीज झाली २ कोटी ६६ लाख ७० हजार. पार्किंग, क्लबहाउस आणि दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स याखाली 'एक्स्ट्रा ॲज ॲप्लिकेबल' असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. जे अक्षर वाचायला चष्मा लागतो, ते वाचून घाम येतो, हा माझा बँकेतल्या नोकरीपासूनचा अनुभव आहे.

क्षेत्रफळ १,४०० चौरस फूट चटई. या चटईचंही एक शास्त्र आहे. पूर्वी बिल्डर जिन्याची, व्हरांड्याची, लिफ्टच्या खड्ड्याची जागा आपल्या माथी मारून तिला 'सुपर बिल्टअप' म्हणायचे. १ मे २०१७ पासून रेराचा कायदा पुरा लागू झाला आणि घर चटई क्षेत्रफळावरच विकावं लागू लागलं. ही फार चांगली गोष्ट झाली. फक्त कायद्याच्या या चटईत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे जिथे चटई टाकणं अशक्य ते चटईत, आणि संध्याकाळी चहाचा कप घेऊन आपण जिथे खरोखर चटई टाकतो, ते चटईबाहेर.

आमचं जुनं घर विकून १ कोटी १५ लाख येतील असा एजंटाचा अंदाज होता. उरलेल्यासाठी चिरंजीव दीड कोटीचं कर्ज काढायला तयार होते. मी जुन्या सवयीनं हिशोब मांडला. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षं: हप्ता महिना १ लाख ३० हजारांच्या थोडा वर. वीस वर्षांत फेड ३ कोटी १२ लाखांच्या आसपास, म्हणजे नुसतं व्याज १ कोटी ६२ लाख. आणि त्याच संकुलाशेजारी तसाच फ्लॅट ६० हजार महिना भाड्यानं मिळत होता. मी हे चिरंजिवांना कळवलं. तो म्हणाला, "बाबा, व्हॅल्यू फक्त आकड्यात नसते." हे वाक्य मी त्याच्या इंजिनीअरिंगची फी भरताना त्याला ऐकवलं होतं. मुलं आपली वाक्यं जपून ठेवतात आणि चक्रवाढ व्याजानं परत करतात.

तेव्हा आकडे बाजूला ठेवून प्रत्यक्ष अनुभव घ्यावा, म्हणून आम्ही साडूंकडे गेलो. ते चार वर्षांपूर्वी अशाच एका गेटेड कम्युनिटीत राहायला गेलेत.

गेटवर गणवेशातल्या माणसानं आम्हाला थांबवलं. "कुणाकडे? टॉवर? फ्लॅट? काम काय?" काम काय, या प्रश्नाला मी अडखळलो. साडूकडे माणूस कामासाठी जात नाही, हे त्याला कसं सांगणार? त्यानं माझा फोटो काढला, मोबाइल नंबर घेतला, आणि साडूंच्या फोनवर परवानगी मागितली. साडू अंघोळीला गेले होते. आम्ही उन्हात उभे. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला, दांडा झटकन वर झाला आणि टँकर न विचारता आत गेला. त्यामागोमाग दुसरा गेला. पुण्याच्या कडेच्या कित्येक सोसायट्यांचा उन्हाळा टँकरवर निघतो हे मी ऐकून होतो, पण तिथे टँकरला जावयाचा मान असतो हे त्या दिवशी पाहिलं. आम्हाला मात्र साडूंचं अंग पुसून होईपर्यंत प्रवेश नव्हता.

आमच्या लहानपणी पेठेतल्या वाड्यालाही दरवाजा होताच. रात्री मोठा दरवाजा बंद झाला की ये-जा त्यातल्या छोट्या दिंडीदरवाजातून. त्या दिंडीतून जाताना मामलेदार असो की मोळीविक्या, प्रत्येकाला वाकावं लागे. इथे माणूस वाकत नाही, दांडा वाकतो आणि तो काचेवरचा स्टिकर पाहून वाकतो. तेवढाच फरक.

तरी न्यायानं बोलायचं तर आत गेल्यावर माझं तोंड बंद झालं. मुलं रस्त्यावर सायकली चालवत होती आणि कुठलाही ट्रक त्यांच्या अंगावर येत नव्हता. आमच्या गल्लीत गेल्या वीस वर्षांत मी मूल रस्त्यात खेळताना पाहिलेलं नाही. झाडाखाली आठ-दहा म्हातारी मंडळी गप्पा ठोकत बसली होती. साडू, जे आमच्याकडे आले की पायऱ्या चढून पंधरा मिनिटं बोलू शकत नसत, ते इथे रोज तीन किलोमीटर चालतात. मेव्हणी म्हणाली, "गेल्या महिन्यात ह्यांना रात्री चक्कर आली. इंटरकॉम केला. सहा मिनिटांत व्हीलचेअर दारात." सौ.नं माझ्याकडे पाहिलं. नवरा-बायकोतल्या काही नजरांना उत्तर देण्यासाठी वकील लावावा लागतो. मी इतिहासाचा आधार घेतला.

"हे बघ," परतताना मी तिला म्हणालो, "पुण्यातली सगळ्यात लक्झरी गेटेड कम्युनिटी कोणती? शनिवारवाडा! १७३० साली काम सुरू, १७३२ साली वास्तुशांत. दोन वर्षांत पझेशन! आहे आज कुणाची टाप? पाच दरवाजे. दिल्ली दरवाजाला हत्तीनंसुद्धा धडक मारू नये म्हणून अणकुचीदार खिळे. आत कारंजी. आणि शेवटी झालं काय? ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो बाहेरच्या चोरानं नाही केला. राखणीला ठेवलेल्या गारद्यांनीच केला. पगार थकल्याची तक्रार घेऊन आत शिरले. आणि त्यामागे कोण? घरातलेच काका. तेव्हा गेट कितीही मजबूत असो, चोर बाहेर राहतो, पण काका आतच राहतात."

"बरं," सौ. म्हणाली, "मग आपल्या सोसायटीत काका नाहीत का?"

आहेत. सात आहेत. सगळे कमिटीवर आहेत.

"आणि शनिवारवाड्यात," ती पुढे म्हणाली, "नारायणराव कितव्या मजल्यावर राहत होते ते मला माहीत नाही. मी तिसऱ्यावर राहते."

इतिहास इथेच संपला. मग मी माझं हुकमी पान टाकलं, ते म्हणजे शेजारधर्म. 'सोसायटी' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी गेट नव्हता, एकत्र येणं होता. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली, ती देशातल्या अगदी पहिल्या सोसायट्यांपैकी. एकट्याला परवडत नाही म्हणून चार जणांनी मिळून बांधलेलं घर, ही ती कल्पना. आता चार जणांनी आत येऊ नये म्हणून एकेकट्यानं विकत घेतलेलं घर, ही नवी. मी म्हणालो, "पाच वर्षांपूर्वी रात्री मला घाम फुटला, तेव्हा कोण आलं? समोरच्या काकूंकडे आपली किल्ली होती म्हणून त्या आल्या. इंटरकॉम लागला नाही, ओटीपी लागला नाही. चौघांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले उचलून खाली नेलं. बनियनवर! ही आहे खरी लक्झरी."

"चार माणसं का लागली?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"लिफ्ट नव्हती म्हणून."

एकाच प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे दोन माणसं किती वेगळ्या बाजूंनी बघू शकतात! मला खुर्ची उचलणारे चौघं दिसत होते. तिला खुर्चीत बसलेला मी दिसत होतो, वळणावर एका बाजूला कललेला, आणि मागून औषधांची पिशवी घेऊन उतरणारी ती स्वतः. मग तिनं शांतपणे एक हिशोब केला, जो माझ्या डोक्यात आला नव्हता.

"त्या चौघांपैकी एक आता अमेरिकेत मुलाकडे असतात. एकांची पाठ गेली. उरलेल्या दोघांचं वय अडुसष्ट नि एकाहत्तर. आता सांगा, पुढच्या वेळी कोण कुणाला उचलणार?"

मी काहीच बोललो नाही. वारा छान येत होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गेटेड कम्युनिटीचं मोल करताना आपण गेट, तलाव आणि इटालियन नाव यांचा भाव करत होतो, असं माझ्या लक्षात आलं. जे खरोखर पारड्यात होतं ते एवढंच: म्हातारपणी रात्री दोन वाजता कोण येईल, आणि आलेला माणूस आपल्याला खाली कसं नेईल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या बिल्डिंगमध्ये होतं, दुसऱ्याचं त्यांच्या टॉवरमध्ये. 'कोण' इथे, 'कसं' तिथे. 'कसं' विकत मिळतं. 'कोण' मात्र कुठल्या कॉस्ट शीटमध्ये एक्स्ट्रा म्हणूनसुद्धा लिहिलेलं नव्हतं. साडूंना ते मिळालं, पण चार वर्षं झाडाखाली बसून. आमचं शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं जिन्यात बसून झालंय. सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिलीत नाव घालायचं म्हणजे वर्गात कोण कोण आहे ते बघावं लागतं.

जमिनीचाही हिशोब मी त्याच रात्री केला. झोप न येणाऱ्या बँकवाल्याला मेंढ्यांपेक्षा चौरस फूट बरे पडतात. आमची सोसायटी दहा गुंठ्यांवर आहे, म्हणजे १०,८९० चौरस फूट. बारा बिऱ्हाडांत भागली तर प्रत्येकाच्या पायाखाली ९०७ फूट जमीन येते. तिकडे पाच एकर म्हणजे २ लाख १७ हजार ८०० फूट, भागिले ६४०: जेमतेम ३४० फूट. इमारत जुनी होत जाते, भाव चढतो तो जमिनीचा. म्हणजे दुपटीहून जास्त पैसे देऊन आम्ही निम्म्याहून कमी जमिनीवर उभे राहणार, तेही बाराव्या मजल्यावर, जिथून ती जमीन नीट दिसतही नाही.

सकाळी उठून मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो आणि म्हणालो, "लिफ्ट बसवू या." आमच्याकडे पुनर्विकासाचा विषय गेली नऊ वर्षं वार्षिक सभेच्या पत्रिकेवर आहे. तो दर वर्षी चहा येईपर्यंत टिकतो. त्यापेक्षा लिफ्ट बरी, असं त्यांनाही वाटलं. खास सभा बोलावली. आर्किटेक्टनं सांगितलं, जिन्याच्या बाहेरच्या बाजूनं लिफ्ट बसेल. महापालिकेची परवानगी आणि सरकारी लिफ्ट निरीक्षकाचा परवाना लागेल. खर्च २४ लाख. प्रत्येकी २ लाख.

तळमजल्यावरचे आजोबा उठून उभे राहिले. वय त्र्याऐंशी. "मी कशाला पैसे देऊ? मी लिफ्टनं कुठे जाणार? पाताळात?"

प्रश्न बिनतोड होता. शेजारधर्माची थोरवी मी ज्या बिल्डिंगच्या जोरावर गात होतो, ती दीड तास एकमेकांवर ओरडत होती. कुणी १९९६ सालच्या पाण्याच्या टाकीचा हिशोब काढला. कुणी कुणाच्या कुत्र्याचा. शेवटी समोरच्या काकू म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही गच्चीवर शेवटचे कधी गेलात?" आजोबा विचारात पडले. "आठ वर्षं झाली," ते म्हणाले. "ही होती तेव्हा कोजागिरीला गेलो होतो." सभा जरा गप्प झाली. मग ठरलं: वरच्या नऊ बिऱ्हाडांनी अडीच-अडीच लाख द्यायचे, तळमजल्याच्या तिघांनी पन्नास-पन्नास हजार. आजोबांनी 'निषेध नोंदवून' पहिला चेक दिला. गच्चीपर्यंत लिफ्ट जाणार का, एवढं मात्र तीनदा विचारून घेतलं.

मी विजयी मुद्रेनं नकाशा घरी आणला. सौ.नं तो टेबलावर पसरला, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिला. मग एका ठिकाणी बोट ठेवलं.

"ही लिफ्ट आपल्या दारात थांबत नाही."

बाहेरून बसवलेल्या लिफ्टचं हेच असतं. ती जिन्याच्या मधल्या वळणावर उघडते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये उतरायचं आणि उरलेलं चढायचं. म्हणजे ५४ पैकी ४५ पायऱ्या गेल्या, ९ उरल्या.

मी धास्तावलो. तिनं कॉस्ट शीट मागितली. चाळीस वर्षांत मी तिला किराण्याच्या यादीपलीकडे हिशोब करताना पाहिलं नव्हतं, कारण पलीकडचा हिशोब मी तिला कधी करूच दिला नव्हता. तिनं शीटच्या पाठीमागे लिहायला सुरुवात केली. नवं घर २ कोटी ६६ लाख ७० हजार. त्यातून जुन्या घराचे १ कोटी १५ लाख वजा. त्यातून लिफ्टचे अडीच लाख वजा. उरले १ कोटी ४९ लाख २० हजार. भागिले नऊ.

"पंचेचाळीस पायऱ्या सुटल्या त्या पायरीमागे साडेपाच हजारांनी," ती म्हणाली. "या उरलेल्या नऊ पडतात पायरीमागे साडेसोळा लाखांच्या वर."

"मग?"

"मग काय? साडेसोळा लाख वाचत असतील तर एक पायरी मी चढेन. तशा नऊ चढेन. कठडा मात्र दोन्ही बाजूंनी बसवून घ्या."

चिरंजिवांना मी हा हिशोब कळवला. त्यानं विचारलं, "आईला खरंच मान्य आहे?" मी फोन तिच्याकडे दिला. ती बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं: "पाच वर्षांनी पुन्हा बघू. तेव्हा नऊ जमल्या नाहीत तर ह्यांचा शनिवारवाडा मी ऐकून घेणार नाही."

ब्रोशर तिनं रद्दीत टाकलेलं नाही. कागद छान जाड आहे, कपाटात घालायला होईल, असं मी सुचवून पाहिलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवलं आणि म्हणाली, "असू दे. त्यात स्ट्रेचरच्या लिफ्टचं माप लिहून घेतलंय मी."